वाहनांच्या नोंदी आणि अमेरिकेतले खासगी तपासनीस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा वाद नक्की कशावरून आहे?

अमेरिकेत गाडीची नोंदणी, मालकीचा दाखला आणि चालकाचा परवाना ही तिन्ही कामे राज्य सरकारांकडे असतात. बहुतेक राज्यांत या खात्याला डीएमव्ही म्हणतात. साधारण आपल्या आरटीओचे काम. या खात्याच्या संगणकात नंबरप्लेट टाकली की मालकाचे नाव आणि पत्ता समोर येतो. समन्स बजावण्यासाठी माणूस शोधणारा, धडक देऊन पळालेल्या गाडीचा माग काढणारा, विम्याचा खोटा दावा तपासणारा, अशा प्रत्येक खासगी तपासनिसाला ही नोंद हवी असते. एखाद्या बाईचा पाठलाग करणाऱ्या माथेफिरूलाही तीच हवी असते.

नोंद कोणाला द्यायची हे १९९४पासून एक संघीय कायदा ठरवतो. त्याचे नाव ‘ड्रायव्हर्स प्रायव्हसी प्रोटेक्शन अ‍ॅक्ट’, बोलताना डीपीपीए. तपासनिसांच्या संघटनांची गेल्या तीस वर्षांतली धडपड या कायद्यातली आपली जागा टिकवण्यासाठी आहे. ती जागा बाहेरून वाटते त्यापेक्षा बरीच अरुंद आहे, आणि हे खुद्द धंद्यातल्या अनेकांच्याही गावी नसते.

हा कायदा आला कशामुळे?

१८ जुलै १९८९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये रिबेका शेफर या तरुण अभिनेत्रीचा तिच्या घराच्या दारातच खून झाला. मारणारा तिचा पछाडलेला चाहता होता. त्याने टूसॉनमधल्या एका गुप्तहेर संस्थेला सुमारे २५० डॉलर दिले, संस्थेने कॅलिफोर्नियाच्या डीएमव्हीतून पत्ता काढला आणि त्याच्या हातात ठेवला. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पत्ता रीतसर मिळाला होता, कुठलेही कुलूप फोडावे लागले नव्हते. कॅलिफोर्नियाने त्यानंतर लगेच घरचे पत्ते गोपनीय करणारा कायदा केला.

संघीय पातळीवर आणखी प्रकरणे पुढे आली. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांच्या आणि दवाखान्यात येणाऱ्या बायकांच्या गाड्यांचे नंबर टिपून त्यांच्या घरापर्यंत पोहोचणारे आंदोलक होते. आयोवात महागड्या गाड्यांचे नंबर टिपायचे, त्यावरून मालकाचा पत्ता काढायचा आणि घर फोडायचे, असा पोरांच्या टोळीचा उद्योग होता. तेव्हा ३०हून अधिक राज्यांत कोणीही थोडी फी भरून ही माहिती मिळवू शकत होता. व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जिम मोरान आणि कॅलिफोर्नियाच्या सेनेटर बार्बरा बॉक्सर यांनी विषय लावून धरला. नोव्हेंबर १९९३मध्ये सेनेटने तो गुन्हेगारीविरोधी मोठ्या विधेयकात दुरुस्ती म्हणून घातला. १३ सप्टेंबर १९९४ला बिल क्लिंटन यांची सही झाली आणि राज्यांना तयारीसाठी तीन वर्षे मिळाली.

म्हणजे कायदा गुप्तहेरांच्या चुकीमुळे आला आणि तरी त्यांना सवलत मिळाली?

हो, आणि यातच लॉबिंगचे यश आहे. कायद्याने आधी दार बंद केले आणि मग १४ अपवाद मोजून दिले. सरकारी खाती, गाड्या परत बोलावणारे उत्पादक, विमा कंपन्या, टोलनाके, उचलून नेलेल्या गाडीच्या मालकाला कळवणारे, असे सगळे त्यात आहेत. आठवा अपवाद परवानाधारक खासगी तपास संस्था आणि परवानाधारक सुरक्षा सेवा यांचा. ज्या धंद्यातून पत्ता फुटला त्या धंद्याचे नाव कायद्यात सन्मानाने छापून आले.

मग परवाना दाखवला की नोंद मिळते का?

नाही. आठव्या पोटकलमाचे, म्हणजे याच आठव्या अपवादाचे, शब्द नीट वाचले पाहिजेत. परवानाधारक तपास संस्थेला माहिती मिळेल ती ‘याच कलमाने परवानगी दिलेल्या कुठल्याही कारणासाठी’. म्हणजे आठव्याला स्वतःचे असे कारणच नाही. बाकीच्या तेरापैकी एक लागू असेल तरच आठवे चालते. विमा कंपनीच्या वतीने दावा तपासताय? मग सहावे आणि आठवे. वकिलासाठी साक्षीदार शोधताय? चौथे आणि आठवे. ग्राहकाला सहज जाणून घ्यायचे आहे की रोज समोरच्या घरापुढे उभी असते ती गाडी कोणाची? कुठलेच नाही, भिंतीवर परवाना कितीही मोठ्या चौकटीत टांगलेला असो.

नवे तपासनीस इथेच गोत्यात येतात. माहिती विकणाऱ्या कंपनीच्या पडद्यावर कारणांची यादी खाली उघडते, त्यात ‘परवानाधारक तपासनीस’ अशी ओळ दिसते, आणि ती निवडून माणूस मोकळा होतो. पुढे कोर्टात विचारतात, ‘कोणत्या कामासाठी?’ तेव्हा फाइलमध्ये काही नसते.

सगळ्यात कामाचे पोटकलम कोणते?

चौथे. दिवाणी, फौजदारी, प्रशासकीय किंवा लवादापुढच्या कारवाईच्या संदर्भात माहिती घेता येते. त्यात समन्स बजावणे, निकालाची अंमलबजावणी आणि ‘खटला होईल या अपेक्षेने केलेला तपास’ हे स्पष्ट लिहिले आहे. शेवटच्या त्या शब्दांवर अर्धा धंदा चालतो. खटला अजून दाखल नाही, पण होणार असे दिसते. त्या टप्प्यावर काम करता येते.

अपेक्षा किती खरी हवी, यावर मात्र ओढाताण चालू असते. आमचा साधा निकष असा: वादाचा विषय, विरुद्ध पक्ष आणि मागायची दाद या तीन गोष्टी एका ओळीत लिहिता येत नसतील तर खटला अपेक्षित नाही, ग्राहकाच्या मनात नुसता राग आहे.

रोजच्या कामात चौकशी कशी केली जाते?

पद्धत राज्यागणिक बदलते, पण सांगाडा हाच.

पहिल्यांदा ग्राहकाशी लेखी करार. ग्राहक कोण, काम काय, वकील असेल तर त्याचे नाव, खटला दाखल असेल तर क्रमांक. ओळखपत्र पाहून त्याची प्रत ठेवायची. मग कारण ठरवायचे आणि चौकशीच्या *आधी* फाइलमध्ये तारखेसह लिहायचे. मागाहून लिहिलेले कारण वकील लोक लगेच ओळखतात, कारण विकणाऱ्या कंपनीकडे चौकशीची वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असते.

मग चौकशी. दोन वाटा आहेत: थेट राज्याच्या खात्याकडे व्यावसायिक खाते उघडणे, किंवा मध्यस्थ माहिती कंपनीकडून घेणे. थेट खात्यासाठी परवान्याची प्रत, करारनामा, वापराचे कारण आणि बऱ्याच ठिकाणी तपासणीला संमती द्यावी लागते. वेळ लागतो, पण नोंद ताजी असते. मध्यस्थाकडे उत्तर काही सेकंदांत येते, पण ते जुने असू शकते.

प्लेट टाकताना राज्य आणि प्लेटचा प्रकार दोन्ही द्यावे लागतात. आलेल्या उत्तरातली कंपनी, मॉडेल आणि रंग, प्रत्यक्ष पाहिलेल्या गाडीशी ताडून पाहायचे. जुळले नाही तर तिथेच थांबायचे. ग्राहकाला द्यायच्या अहवालात कामापुरतेच घालायचे. समन्स आपणच बजावणार असू तर ग्राहकाला पत्ता कळायची गरजच नसते.

उत्तर चुकीचे का येते?

बहुतेक वेळा प्लेट वाचण्यात चूक असते. इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक, बी आणि आठ. रात्री, पावसात, चालत्या गाडीची प्लेट मान वळवून वाचली की हे ठरलेलेच. शक्य असेल तिथे चासीचा १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, घ्यावा. १९८१पासूनच्या व्हीआयएनमध्ये आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरतच नाहीत, त्यामुळे हा गोंधळ उद्भवत नाही. पुढच्या काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात तो बाहेरून वाचता येतो.

दुसरे कारण प्रकाराचे. तोच क्रमांक खासगी गाडी, ट्रक आणि मोटारसायकल यांच्या वेगळ्या मालिकांत असू शकतो. प्रकार चुकला की भलत्याच माणसाच्या दारात जाऊन उभे राहाल.

तिसरे, गाडी लीजवर असते. मालक म्हणून फायनान्स कंपनीचे नाव येते, चालवणारा वेगळाच. श्रीमंत लोक गाडी कंपनीच्या किंवा ट्रस्टच्या नावावर ठेवतात, तिथेही हीच गत.

चौथे, कॅलिफोर्नियात साधी प्लेट गाडीबरोबर जाते, न्यूयॉर्कमध्ये ती मालकाकडे राहते. कॅलिफोर्नियातली जुनी गाडी विकली गेली आणि नव्या मालकाने कागद बदलून घेतले नाहीत, तर प्लेटवरून जुना मालक सापडतो. बिचाऱ्याला गाडी विकल्याचेही आठवत नसते आणि दारात समन्सवाला उभा.

आणि पत्ते शिळे असतात. कॅलिफोर्नियात घर बदलल्यावर दहा दिवसांत कळवायचा नियम आहे. किती लोक पाळतात ते कुठल्याही तपासनिसाला विचारा.

फोटो, सोशल सिक्युरिटी नंबर, आजाराची माहिती?

ही ‘अतिगोपनीय’ वर्गात येते. माणसाची स्पष्ट संमती नसेल तर ती फक्त पहिल्या, चौथ्या, सहाव्या आणि नवव्या पोटकलमाखाली देता येते. ही यादी पुन्हा वाचा: आठवे तिथे नाही. हे सेनेटर रिचर्ड शेल्बी यांच्या १९९९च्या दुरुस्तीतून आले आणि १ जून २०००पासून लागू झाले. त्याच दुरुस्तीने जाहिरातीसाठी यादी विकण्याचा नियमही उलटवला. आधी ‘नको’ म्हटल्याशिवाय नाव विकले जायचे. आता ‘हो’ म्हटल्याशिवाय विकता येत नाही.

अपघात, वाहतूक-गुन्हे आणि परवान्याची स्थिती मात्र कायद्याच्या व्याख्येत वैयक्तिक माहिती धरलीच जात नाही.

काही राज्यांत तपासनिसांना परवानाच लागत नाही. तिथे काय?

इथे घोडं पेंड खातं. आयडाहो, मिसिसिपी, साउथ डकोटा, वायोमिंग आणि अलास्का या राज्यांत राज्यपातळीवर तपासनिसाचा परवाना नाही. पण आठव्या पोटकलमात ‘परवानाधारक’ हा शब्द ठोकून बसवलेला आहे. परवानाच नाही तर आठवे पोटकलम दाखवणार कसे? मग वकिलाच्या किंवा विमा कंपनीच्या वतीने, त्यांच्या पोटकलमाखाली काम करावे लागते.

म्हणून एक उलटी गोष्ट दिसते. एरवी धंदेवाले सरकारी परवान्याच्या नावाने बोटे मोडतात. तपासनिसांच्या संघटना मात्र ‘आमच्यावर परवाना लादा’ म्हणून विधिमंडळात खेटे घालतात. कोलोराडोने २०१५मध्ये सक्तीचा परवाना आणला आणि २०२१मध्ये मुदत संपू देऊन तो बंद केला. प्रतिष्ठेची गोष्ट आहेच, पण खाली हिशोब वाहन-नोंदींचाही असतो.

लॉबी म्हणजे नक्की कोण?

वॉशिंग्टनमध्ये मुख्यतः ‘नॅशनल काउन्सिल ऑफ इन्व्हेस्टिगेशन अँड सिक्युरिटी सर्व्हिसेस’, म्हणजे एनसीआयएसएस. ही १९७५पासूनची संस्था आहे. तिच्या जोडीला वकिलांसाठी काम करणाऱ्या तपासनिसांची राष्ट्रीय संघटना आणि कायदेविषयक पाठपुराव्यासाठीच काढलेली इस्प्ला. राज्यांत कॅलिफोर्नियाची कॅली, टेक्ससची टाली, फ्लोरिडाची फाली, न्यूयॉर्कची अलडोनिस.

विमा किंवा औषध उद्योगापुढे ही मंडळी किरकोळ आहेत. बहुतेक सभासद एकट्यादुकट्याने धंदा करणारे, त्यात निवृत्त पोलीस बरेच. म्हणून ते एकटे लढत नाहीत. समन्स बजावणारे, विमावाले, कर्जवसुलीवाले, बँका यांच्याबरोबर एकाच पत्रावर सही करतात. समोर ईपिक आणि एसीएलयू या गोपनीयतेसाठी लढणाऱ्या संस्था आणि घरगुती हिंसेतून सुटलेल्या बायकांसाठी काम करणाऱ्या संघटना असतात.

ते लॉबिंग करतात म्हणजे दिवसभर काय करतात?

लाच देत हिंडत नाहीत, हे आधी सांगतो. काम कंटाळवाणे आहे.

जानेवारीत बहुतेक राज्यांची अधिवेशने सुरू होतात. संघटनेचा माणूस दाखल झालेल्या विधेयकांत ‘मोटार वाहन नोंद’, ‘वैयक्तिक माहिती’, ‘डेटा ब्रोकर’ असे शब्द शोधत बसतो. धोका क्वचितच ‘डीएमव्ही’ या नावाने येतो. तो न्यायाधीशांचे पत्ते लपवणाऱ्या विधेयकात असतो, ग्राहक-गोपनीयतेच्या विधेयकात असतो, गाड्यांवर जीपीएस लावण्याच्या विधेयकात असतो.

सापडले की विधेयक मांडणाऱ्याच्या कार्यालयात फोन. आमदाराला भेटायची घाई करत नाहीत. मसुदा लिहिणाऱ्या सहायकाला गाठतात. सोबत तयार वाक्य नेतात. ‘आम्हाला वगळा’ असे तोंडी सांगून उपयोग नसतो, कारण सहायकाला मसुद्यात चिकटवता येईल असा मजकूर हवा असतो. नेहमीचे वाक्य असे, की डीपीपीएनुसार घेतलेल्या किंवा दिलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. कॅलिफोर्नियाच्या २०१८च्या ग्राहक-गोपनीयता कायद्यात आणि व्हर्जिनियाच्या २०२१च्या कायद्यात अशी सूट आहे. त्या एका वाक्यामुळे ‘माझी माहिती पुसा’ असे म्हणणारा ग्राहक तिथपर्यंत पोहोचत नाही.

मग समितीपुढे साक्ष. शहाणी संघटना तपासनिसाला बोलायला उभा करत नाही. ती उभी करते सरकारी बचाव वकिलाला, जो सांगतो की गरीब आरोपीच्या बाजूचा साक्षीदार नंबरप्लेटवरूनच सापडला. किंवा पळवलेल्या मुलाच्या आईला. वर्षातून एकदा सभासद वॉशिंग्टनला जमतात आणि आपापल्या प्रतिनिधींच्या दारात जातात. मतदारसंघातला माणूस समोर बसला की ऐकून घ्यावे लागते.

बिघडते कुठे? उशीर होतो, समितीचे मतदान झाल्यावर जाग येते. किंवा इतकी रुंद सूट मागितली जाते की विरोधकांना तीच दाखवून विधेयक आणखी कडक करता येते. आणि मधेच एखादे लफडे छापून येते.

त्यांचे म्हणणे खरे आहे का?

अर्धे. पोलीस दिवाणी वादात पडत नाहीत, हे खरे. मुलांचा खर्च बुडवून दुसऱ्या राज्यात पळालेला बाप, निकाल लागूनही पैसे न देणारा कंत्राटदार, हे खासगी माणसानेच शोधायचे असतात. फौजदारी खटल्यात सरकारी पक्षाकडे पोलिसांचा पूर्ण डेटाबेस असतो; बचावाकडे काहीच नसेल तर सामना एकतर्फी होतो. हा मुद्दा आम्हाला सर्वांत वजनदार वाटतो.

‘परवानाधारक माणूस गैरवापर करत नाही’ हे म्हणणे मात्र टिकत नाही. परवान्याने शिक्षा देणे सोपे होते, गैरवापर थांबत नाही. आणि शेफर प्रकरणानंतर हा मुद्दा या धंद्याने तरी जपून वापरावा.

कॅलिफोर्निया वेगळे का समजतात?

कारण तिथला नियम संघीय कायद्यापेक्षा कडक आहे, आणि राज्याला तेवढी मुभा आहे. डीपीपीए खालची मर्यादा घालतो, वरची नाही. तिथे घरचा पत्ता मुळात गोपनीय. विमा कंपन्या आणि वित्तसंस्था यांना अपवाद आहे. वकिलालाही आहे, पण खोटे असल्यास शपथभंगाची शिक्षा मान्य करून लिहून द्यावे लागते की गाडीच्या वापराशी थेट संबंध असलेल्या खटल्यासाठी पत्ता हवा. अपघाताच्या दाव्यात चालते. नुसत्या उधारीच्या दाव्यात ‘प्रतिवादीकडे गाडी आहे’ म्हणून चालत नाही. तपासनिसाचे नाव घेऊन असा अपवाद नाही, आणि ६,००० तासांचा अनुभव दाखवून, परीक्षा देऊन परवाना घेणाऱ्या तिथल्या तपासनिसांची हीच जुनी तक्रार आहे.

न्यायालयांनी काय ठरवले?

२०००मध्ये ‘रीनो विरुद्ध कॉन्डन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा वैध ठरवला. साउथ कॅरोलायनाचे म्हणणे होते की संघ सरकारने राज्याच्या दप्तरात हात घालू नये. ते चालले नाही.

२०१३मध्ये ‘मॅरासिच विरुद्ध स्पिअर्स’. काही वकिलांनी गाडी विक्रेत्यांविरुद्धच्या दाव्यासाठी ३० हजारांहून जास्त खरेदीदारांची नावे राज्याच्या खात्याकडून काढून त्यांना पत्रे धाडली. पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: अशील गोळा करणे चौथ्या पोटकलमात बसत नाही. तपासनिसांसाठी अर्थ सरळ आहे. वकिलाने सांगितले म्हणून काम आपोआप चौथ्यात जात नाही. वकिलाचा हेतू काय, हे विचारावे लागते.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या दुसऱ्या सर्किट न्यायालयाचा, म्हणजे संघीय अपील न्यायालयाचा, ‘गॉर्डन विरुद्ध सॉफ्टेक’ निकाल आला. एका ग्राहकाने वेबसाइटवर प्लेट दिली, कारणांच्या यादीतून विम्याचे कारण निवडले, पैसे भरले आणि मालकाचा पत्ता मिळवला. त्यानंतर मालकाला आणि त्याच्या घरच्यांना त्रास दिल्याचा आरोप झाला. न्यायालय म्हणाले, माहिती पुढे विकणाऱ्याने वाजवी काळजी घेतली पाहिजे. यादीतल्या ओळीवर क्लिक झाले, आमचे काम संपले, असे म्हणता येणार नाही.

न्यू हॅम्पशरच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्येच, ‘रेम्सबर्ग विरुद्ध डॉक्युसर्च’ या खुनाच्या प्रकरणातून आलेल्या खटल्यात, तपासनिसावर अशी जबाबदारी टाकली होती. तिथली माहिती डीएमव्हीची नव्हती, पण घडले तेच: अनोळखी ग्राहक, पैसे, आणि मुलीच्या नोकरीचा पत्ता.

राज्ये ही माहिती विकून पैसे कमावतात का?

कमावतात. सप्टेंबर २०१९मध्ये व्हाइस या माध्यमसंस्थेने राज्यांची कागदपत्रे मागवून दाखवले की घेणाऱ्यांत खासगी तपासनीसही आहेत, आणि त्यांतले काही जोडीदाराच्या विवाहबाह्य संबंधांवर पाळत ठेवण्याची जाहिरात करतात. कॅलिफोर्नियाला अशा नोंदींतून वर्षाला सुमारे पाच कोटी डॉलर मिळत असल्याचेही त्याच वर्षी बाहेर आले. टेक्ससने २०२१मध्ये सिनेट बिल १५ करून माहितीच्या पुनर्विक्रीवर बंधने कडक केली.

जोडीदारावर संशय असेल तर प्लेटवरून मालकाचे नाव काढून मिळते का?

घटस्फोटाचा अर्ज दाखल आहे किंवा वकील तो तयार करतोय, तर चौथे पोटकलम बसू शकते. नुसता संशय असेल तर नाही. जबाबदार तपासनीस इथे वकिलाचे पत्र मागतो.

नियम मोडला तर?

जाणूनबुजून बेकायदा माहिती घेणे, देणे किंवा वापरणे यावर पीडित माणूस संघीय न्यायालयात दावा लावू शकतो. नुकसानभरपाई किमान २,५०० डॉलर, वर वकिलाची फी, आणि बेपर्वाई सिद्ध झाली तर दंडात्मक भरपाई वेगळी. खोटे कारण सांगून माहिती काढणे हा फौजदारी गुन्हा आहे. सर्रास नियम मोडणाऱ्या डीएमव्हीला दिवसाला ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. माहिती पुढे विकणाऱ्याला कोणाला, कोणत्या कारणासाठी दिली याची नोंद पाच वर्षे ठेवावी लागते. ती नोंद नसणे हीच पहिली चूक धरली जाते.

दाव्याची मुदत चार वर्षे. आठव्या सर्किट न्यायालयाने ती घटनेच्या दिवसापासून मोजली, कळल्याच्या दिवसापासून नव्हे. म्हणून चालढकल करू नये.

आम्ही न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहतो. आपली नोंद कशी जपायची?

नोंदणी किंवा परवाना नूतनीकरणाच्या अर्जात माहिती जाहिरातीसाठी देण्याची संमती विचारली असेल तर ती देऊ नका. राज्य परवानगी देत असेल तर टपालाचा पत्ता वेगळा ठेवा. छळाचा किंवा पाठलागाचा धोका असेल तर राज्याच्या पत्ता-गोपनीयता योजनेत नाव घाला. कॅलिफोर्नियात तिचे नाव ‘सेफ अ‍ॅट होम’. गाडी विकताना नव्या मालकाच्या भरवशावर राहू नका, विक्रीची सूचना स्वतः खात्याला द्या. वापरलेली गाडी घेताना विकणाऱ्याचा पत्ता काढायची गरज नसते. एनएमव्हीटीआयएस या राष्ट्रीय व्यवस्थेवर आधारित अहवालात पुरात बुडालेली, भंगारात गेलेली गाडी नाव-पत्त्याशिवाय कळते.

महाराष्ट्रात असे काही आहे का?

खासगी तपासनिसाला वाहन-नोंदी देणारी तरतूद नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने परवानाधारक तपासनीस हा वर्गच नाही. २००५चा कायदा खासगी सुरक्षा संस्थांपुरता आहे. खासगी गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचे विधेयक २००७मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर मालकाचे नाव झाकून दिसते आणि पत्ता दिसत नाही. ‘आरटीओतून काढून देतो’ म्हणणारा एजंट ओळखीच्या बाबूकडून काढतो, हे समजून चाला.

केंद्राने २०१९मध्ये ‘वाहन’ (गाड्यांची नोंदणी) आणि ‘सारथी’ (चालकांचे परवाने) या सरकारी डेटाबेसमधला डेटा ठोक विकण्याचे धोरण आणले होते. व्यावसायिक संस्थांना वर्षाला ३ कोटी रुपये दर होता. जून २०२०मध्ये ते मागे घेतले. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी लागणाऱ्या माहितीला काही बंधनांतून सूट आहे. अमेरिकेतल्या चौथ्या पोटकलमाची ही लांबची बहीण. तिचा अर्थ किती ताणायचा यावर इथेही वकील भांडतील.

कोणी किती लॉबिंग केले हे आपल्याला पाहता येते का?

येते, फुकट. संघीय पातळीवर नोंदणीकृत लॉबिस्टला दर तिमाहीनंतर २० दिवसांत अहवाल द्यावा लागतो, तो सेनेटच्या संकेतस्थळावर शोधता येतो. अशिलाचे नाव किंवा विधेयकाचा क्रमांक टाका. राज्यांत वेगळी दप्तरे आहेत, कॅलिफोर्नियात कॅल-अ‍ॅक्सेस. छोट्या संघटनांचे आकडे अनेकदा नगण्य दिसतात, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. कॅलिफोर्नियातल्या विधेयकाच्या समिती-विश्लेषणात, अगदी शेवटच्या पानावर, पाठिंबा आणि विरोध नोंदवणाऱ्यांची यादी छापतात. आधी ती वाचा आणि मग आदल्या मसुद्याशी ताडून पाहा, कोणते वाक्य मधेच आत आले ते.